निळ्या चौकड्यांचा शर्ट

माझा मुलगा साईनाथ गेल्यावर सहा महिन्यांनी त्याच्या नावानं अमेरिकेहून एक पेटी आली. बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेल्या महागड्या कार्डांची, त्यानंच आगाऊ मागवलेली. कंपनीनं त्याला दोन वर्षं तिकडं पाठवलं होतं, तेव्हा हा नाद लागला. वडगावात परत आल्यावरही पेट्या येतच राहिल्या. संकेश्वरजवळ हायवेवर तो अपघात झाला नसता, तर हीसुद्धा त्यानंच उघडली असती.

माझ्या सुनेनं, मंजुश्रीनं, ती दोन महिने कपाटावर ठेवली. परवा दुपारी खाली काढली.

"आत्या, बसा इथं. मला एकटीला उघडवंना."

वरचं प्लॅस्टिक तिनं नखानं सोडवलं. आत पाचच कार्डं, प्रत्येक जाड पारदर्शक डबीत. शेवटच्या कार्डाला मधोमध खिडकी होती आणि तिच्यात कापडाचा चौकोन.

"हे काय गं?"

"त्या खेळाडूचा शर्ट. मॅचमध्ये घातलेला. कापून घालत्यात."

"हाय का त्यो?"

"न्हाय. कवाच गेला."

मी कार्ड खाली ठेवलं. मेलेल्या माणसानं घातलेलं कापड आम्ही घरात ठेवत नाही. जीव त्यात अडकतो. तेराव्याला मी साईनाथचे सगळे कपडे पलीकडच्या गल्लीतल्या भरमाला दिले. तो मागावर कामाला असतो. निळ्या चौकड्यांचा एक शर्ट तेवढा मंजुश्रीनं मागितला होता. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"परक्याचा एवढासा तुकडा लोक जपत्यात," ती आता म्हणाली, "आणि मला तुम्ही बटनसुद्धा ठेवू दिलं न्हाय."

मला तर तो शर्ट रोज दिसत होता. चारची पाळी सुटली की भरमा आमच्या खिडकीखालून जायचा. पाठीवर त्याच चौकड्या, उजवा खांदा जरा खाली. पाठमोरा अगदी साईनाथ. रोज मी खिडकीशी जाऊन बसायची, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "भरमाकडनं तुकडा मागू. कात्री घे."

आम्ही गेलो तेव्हा भरमा नुकताच झोपेतून उठला होता.

"तुकडा कशाला, आक्का? आख्खा न्या की!" त्यानं ट्रंकेतून शर्ट काढला. घडी माझी होती. वर बांधलेल्या दोऱ्याची गाठही माझीच, मागावर तुटलेला धागा जोडतो तसली.

"तू सोडलाच न्हाईस?"

"ह्या प्वाटावर बसतोय व्हय त्यो? बाकीचे पोरास्नी वाटले, ह्योच ऱ्हायला."

"मग रोज दुपारी आमच्या दारावरनं जातोस त्ये?"

"मी? दिवाळीपासनं रातपाळीला हाय. दुपारी घोरत असतो. इचारा की माझ्या बायकूला, मनुबाईला!"

मग रोज खिडकीखालून जायचा तो कोण? मंजुश्री गाठ सोडत होती. शर्ट घरी नेला, तर तो उद्या येईल का? तिच्या हातातून पुन्हा ओढून घ्यायला माझा हात पुढं झालाही.

तिनं शर्टात तोंड खुपसलं. "वास ऱ्हायला न्हाय," ती म्हणाली. "नुसता डांबरगोळीचा येतोय." मग तिनं कात्री उघडली. "कुठनं कापू, आत्या?"

"कापू नगंस," मी म्हटलं. "आख्खा ने."

शर्ट पोटाशी धरून ती पुढं निघाली. मी गल्लीत कुणीकडं न बघता, तिच्या टाचांवर नजर ठेवून मागोमाग चालले.