अख्खी सुपारी

गव्हाणच्या रंजिताने स्वतःची सोयरीक मोडायला अशी युक्ती काढली, की ऐकून हसावं की रडावं! पाहुणे आले, पुरुषमंडळी ओटीवर बसली, चहा फिरला. त्या गडबडीत तिने ताटातली सुपारीच उचलली. सोयऱ्यांसमोर सुपारी फोडली की लग्न पक्कं, मग ब्रह्मदेवाच्या बापालाही मागे फिरता येत नाही. पण सुपारीच नसेल तर फोडणार काय, डोंबल?

मुलगा केतन. धंदा, बंगला, सगळं छान. पण पनवेलला एसटी स्टँडसमोर चहाला भेटला, तेव्हा त्याने तिचा फोन मागून घेतला आणि ऑफिसातल्या पुरुषांचे नंबर एकेक करून पुसले. "आता माझीच ना तू," म्हणाला, हसत. तेव्हाच तिने ठरवलं, हा नको. तिने बापाला सांगून पाहिलं. जगनशेठ म्हणाले, "लाजते पोरगी."

स्वयंपाकघराच्या दाराआड ती कान देऊन उभी राहिली. सुपारी मुठीत होती. आता शोधाशोध होईल, कुणीतरी अपशकुन म्हणेल, बैठक मोडेल. तेवढ्यात आनंदाकाकांचा आवाज आला, "सुपारी फुटली! पेढे आणा!"

अरे, फुटली कशी?

ती तशीच बाहेर धावली आणि सगळ्यांपुढे मूठ उघडली. "ही बघा काका. अख्खी हाय. फुटली नाय."

ओटीवर मग जो हशा पिकला! काका तर डोळे पुसायला लागले. "अगं येडे, आता सुपारी फोडीत कोण बसतंय? दोन्ही बापांनी मान डोलावली, झालं. सुपारी फुटली म्हंजे फुटली!"

"मला हे लग्न नाय करायचं," ती म्हणाली.

"लाजली, लाजली," दारात जमलेल्या बायका म्हणाल्या. केतनही हसत होता.

तिच्या आईने, वेणूने, दंडाला धरून तिला आत नेलं. रंजिताने सुपारी पुढे केली. "आई, तू तरी बघ ना."

"उचलताना बघितलं मी तुला," वेणू हळूच म्हणाली. "म्हटलं, हिचं तरी जमतंय का बघू. माझ्या टायमाला मी पण उचलली होती, बाय."

"मग?"

"मग काय. तुझ्या बारशाला पूजेत मांडली."

बाहेरून हाक आली, नवरीचं तोंड गोड करायचंय. वेणूने लेकीची ओढणी सारखी केली. रंजिताने मूठ घट्ट मिटली, बाहेर गेली आणि केतनने पुढे केलेल्या पेढ्यासाठी तोंड उघडलं.