सावळेबाबांचा निळा

वरवट बकालच्या बाजाराच्या मैदानात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली होती. व्यासपीठावर पांढऱ्या धोतरातला एक गोरा, ढेरपोट्या माणूस बसला होता, पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे शेजारच्या मोठ्या पडद्यावर. पडद्यावर तोच माणूस निळा दिसत होता. कपाळ निळं, हात निळे, धोतरही निळं. त्याच्या पायाशी बसलेले भक्त मात्र रोजच्यासारखे गव्हाळ. मागच्या अंधारात बारीक कण भुरभुरत होते.

"ती विभूती आहे," सावळेबाबा माइकवर म्हणाले. "तुमच्या डोळ्यांना दिसायची नाही. डोळ्यांत माया असते. कॅमेऱ्याला ना आई ना बाप, ना लोभ ना मोह. तो खोटं कशाला बोलेल?"

मैदानानं हात जोडले. समोर गोरा बसलेला माणूस सोडून लोक पडद्याला नमस्कार करत होते.

कॅमेऱ्यामागे पूनम उभी होती. खामगावात तिचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. तिला नमस्कार करायचा नव्हता, तिला सूड घ्यायचा होता. तिचा भाऊ निवृत्ती याला फिट यायच्या, पण गोळ्यांवर तो ठणठणीत होता. त्यानं हाच निळा बाबा पाहिला, गोळ्या बाबांच्या धुनीत टाकल्या, आणि पुढे मोटर सुरू करायला गेला असताना विहिरीच्या काठावरच फिट येऊन आत पडला. बाबांचा निरोप आला, श्रद्धा कमी पडली. पूनम तेव्हा रडली नाही. बाबांचा कॅमेरावाला काम सोडून गेल्याचं कळताच तिनं स्वतः फोन करून ते काम मागून घेतलं.

कॅमेरा लहानसा, पण व्यावसायिक होता. पिशवीत मावणारा, गावोगाव न्यायला सोयीचा. व्यवस्थापकानं तो हातात देताना बजावलं होतं की एकही सेटिंग हलवायचं नाही, बाबांनी ते सिद्ध केलेलं आहे. पूनमनं कोपऱ्यात जाऊन मेनू उघडला आणि ती सिद्धी तिला तिथेच सापडली. व्हाइट बॅलन्स पिवळ्या बल्बवर पक्का करून ठेवलेला, गेन शेवटपर्यंत चढवलेला.

उरलेलं मांडववाल्या बद्रुद्दीनभाईंनी न विचारताच सांगितलं. "मैदानभर जुने पिवळेच बल्ब पाह्यजे म्हणे. आता कुठी भेटते ते, ताई? सारं खामगाव धुंडलं. अन् बाबाच्या डोक्यावर मात्र पांढरा एलईडी."

ते सेटिंग बदलून बाबाला तिथेच गोरा करणं पूनमला अवघड नव्हतं. पण मग देव रुसला म्हणून तो सुटला असता, आणि पुढच्या गावात पुन्हा निळा झाला असता. तिनं ताकीद तंतोतंत पाळली. फक्त बद्रुद्दीनभाईंना एक काम सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. "फिरवतो. पण मले मारलं तं मांडव कोण सोडंल?"

आरती संपली आणि आशाबाई नावाची बाई लेकीला घेऊन वर आली. लेक काजल, चौथीतली. तिलाही फिट यायच्या. आशाबाईच्या हातात गोळ्यांची पाकिटं होती.

"टाक धुनीत," बाबा म्हणाले. "निळ्याच्या दारात आलीस, आता इंग्रजी विष कशाला?"

आशाबाईनं हात पुढे केला. पूनमनं आपला वर केला.

बद्रुद्दीनभाईंनी दिवा फिरवला. पडद्यावरचे बाबा क्षणात गोरे झाले, आणि निळी झाली काजल. पोरीनं पडद्याकडे पाहिलं, हात हलवून खात्री केली.

"आई, मी निळी झाली. मंग आता गोळ्या खायाच्या का नाई ते मी सांगू का?"

मैदानात खसखस पिकली. बाबा कच्चे नव्हते. कृपा पोरीवर उतरली, असं त्यांनी लगेच जाहीर केलं. दिवा आणखी खाली वळला. व्यासपीठाजवळ झोपलेलं कुत्रंही निळं झालं.

"कृपा लयच स्वस्त झाली बे," मागून कुणीतरी म्हणालं.

पूनमनं माइक उचलला. "कॅमेऱ्याले पांढरं कोणतं ते आपण सांगा लागते. ह्याले सांगून ठेवलं, पिवळ्या बल्बचा उजेड म्हणजे पांढरा. म्हणून बल्बखाली बसलेले तुम्ही साधे दिसता, अन् खऱ्या पांढऱ्या उजेडात जो बसंल तो निळा. अन् विभूती? अंधारात कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे जोर, बळंच वाढवला का चित्र दाणेदार होते. लग्नात असं शूटिंग दिलं तं नवरीचा बाप मले दारात उभं करणार नाई."

तिनं दिवा परत बाबांवर वळवून घेतला, कॅमेरा त्यांच्याच पांढऱ्या धोतरावर रोखला आणि पांढरं म्हणजे हे, असं कॅमेऱ्याला सांगणारं बटन दाबलं. आता बाबा आहेत तसे गोरे, आणि कॅमेरा वळवला तर साऱ्या मैदानाला हळद लागल्यासारखी. लोक पडद्यावर एकमेकांची पिवळी तोंडं बघत राहिले.

बाबांनी हात जोडले. "ताई, आपण बसून बोलू."

पूनमनं झूम केला. पडदाभर एकच चेहरा, ओठावर घाम.

"माह्या भावानं तुह्या धुनीत गोळ्या टाकल्या अन् तो मेला. त्याचं नाव सांग."

बाबांचं तोंड उघडलं. नजर व्यवस्थापकाकडे गेली. व्यवस्थापक जमिनीकडे बघत होता. पूनमनं कॅमेरा हलवला नाही. नाव शोधणारा, न सापडणारा तो चेहरा तिनं सगळ्यांना पोटभर बघू दिला.

"निवृत्ती," ती म्हणाली.

आशाबाईनं गोळ्या पदरात बांधल्या. मग ती पुढे झाली आणि पूनमच्या बाजूला उभी राहून तिनंही तोच प्रश्न विचारला, यावेळी आपल्या लेकीच्या नावाचा. बाबांना तेही सांगता आलं नाही. मैदानातून कुणीतरी फोन केला होता. पोलीस आले तेव्हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून द्यायला दोघी सोबत गेल्या. बाबांच्या फजितीचं तुला वाईट वाटलं का, असं पूनमला कुणीतरी विचारलं. तिनं नाही म्हणून सांगितलं.

कॅमेरा खोटं बोलत नाही हे खरं. पण त्याला कुणी काय पढवलंय, हे विचारायचं काम माणसाचं. फिटच्या गोळ्या डॉक्टर सांगेल तेव्हा सुरू होतात आणि डॉक्टर सांगेल तेव्हाच थांबतात. मध्येच कुणी निळा येऊन बसला, तर आधी त्याच्यावरचा दिवा फिरवून बघा.