थिनर प्यायलेला कोळसा

वरच्या मजल्यावर दादा खोकू लागला की खाली दुकानात पॉलिशवाल्याचा हात कपाटाच्या दारावर जागच्या जागी थांबायचा. थिनरचा वास जिन्यातून थेट वर चढायचा, आणि वर राहायचा दादा. आई-बापामागे ज्याने याला लहानाचं मोठं केलं तो थोरला भाऊ. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, एक तर दुकान हलवा, नाही तर यांना. दुकान हलवायचं तर जागा कुठून आणणार? शेवटी दादानेच ठरवून टाकलं, महिनाअखेरीला लेकीकडे जायचं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांच्या नजरेला नजर देईनात.

पण पॉलिशवाला पडला हट्टी. झाकणाच्या पिंपात लाकूड कोंडून, हवा लागू न देता जाळलं की असा कोळसा होतो म्हणे, की त्याच्या अंगभर बारीक बारीक भोकं, आणि वास त्यात जाऊन अडकतो. लाकडाच्या तुकड्यांना याच्याकडे काय तोटा! त्याने कोळसा पाडला, जाडसर कुटला, जाळीच्या खोक्यात भरला आणि मागे पंखा बसवला. दुकानातली हवा आता त्या खोक्यातून गाळूनच बाहेर जाणार होती.

कसलं काय! वास होता तस्सा.

"अहो, उलट वाढलाय," बायको म्हणाली.

दादा नाकाला रुमाल लावून खाली आला. कोळशाचं उघडं पोतं थिनरच्या डब्यांना टेकून ठेवलेलं होतं, हाताशी असावं म्हणून, आणि तेही चांगलं आठवडाभर. दादाने मूठभर कोळसा उचलून हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"अरे शहाण्या, हा इथे बसून आधीच पोटभर प्यायलाय! आता खोक्यात जाऊन आणखी काय पिणार, कपाळ?"

बायको फिस्सकन हसली. पॉलिशवाला आधी ओशाळला, मग त्यालाही हसू आवरेना.

त्याने नवा कोळसा पाडला, निवल्याबरोबर पत्र्याच्या डब्यांत भरला, झाकणं ठोकून बसवली आणि डबे घरामागे नेऊन ठेवले. सकाळी खोक्यातला जुना काढून नवा ओतला, पंखा लावला आणि कामाला भिडला. कपाटावर पॉलिशचा एक हात झाला, दुसरा झाला. वर चिडीचूप. खोकला नाही की काही नाही. दादाला बरं नाही की काय? वर जाऊन बघावं म्हणून तो उठणार, तोच जिन्यातून खणखणीत आवाज आला.

"ए आळशा! ऊन डोक्यावर आलं तरी थिनरच्या डब्याचं झाकण उघडलं नाहीस? गिऱ्हाईक काय तुझं तोंड बघायला येणार आहे?"

ओल्या, चकाकत्या कपाटासमोर पॉलिशवाला बोळा धरून उभाच राहिला. इतका आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

"लागतो कामाला, दादा," तो कसाबसा म्हणाला. "लागतोच आता."