मी, वाटणाऱ्यापुढचं काळं बटण

मी ओव्हरकोटाचं काळं बटण बोलतोय. कोट कधीच गेला, मी शिंपीबुवांच्या डब्यात राहिलो. आता रविवारी दुपारी त्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर पोकर रंगतो. डब्यातली बारकी बटणं डावाला लावतात. मी थोराड, म्हणून पत्ते वाटणाऱ्यापुढे बसतो. मान असा आकारावर मिळतो, हे माणसांतही पाहिलंय मी.

खेळणारे तिघे. शिंपीबुवा, त्यांची बहीण आक्का आणि समोरच्या दुकानातला न्हावी. घरचा कडक नियम एकच. टेबलावर पडलेलं प्रत्येक पान कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, आणि शेवटी आपली पानंही तोंडानं सांगायची. सांगितलं ते खरं. शिंपीबुवांना सुईत दोरा ओवता येईना, त्याच आठवड्यात आक्कानं हा नियम घातला. का, ते कुणी विचारलं नाही. शिंपीबुवा समजतात, कुणाला काही कळलंच नाही.

मागे एका रविवारी शिंपीबुवांचे नवे जावईबापू खेळायला बसले. पोकर पुस्तकातून शिकलेला माणूस!

न्हावी म्हणाला, "बदाम राजा."

"काका, दिसतंय की सगळ्यांना," जावई हसला.

"इथं वाचतात, जावईबापू," आक्का म्हणाली.

"पण आत्या, नियम असा आहे की पत्तेच बोलतात, तोंडानं सांगितलेलं धरत नाहीत."

"तुमच्याकडचे बोलत असतील. आमचे मुके आहेत."

शिंपीबुवांनी पानं नाकाला लावली. हा नियम गेला की आपणही टेबलावरून उठलो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

शेवटी त्यांनी पानं उघडी टाकली. "तीन राजे!"

टेबलावर राजा एक. त्यांच्याकडे एक राजा आणि एक गुलाम, म्हणजे जोडी एकच. मला चार भोकं आहेत, सगळं दिसतं. न्हाव्याला नेमकं छतावर काहीतरी बघायचं होतं. आक्काला चष्मा पुसायचा होता. जावयाकडे दोन जोड्या, म्हणजे डाव त्याचाच. तो तोंड उघडून गुलामाकडे बोट दाखवणार, तेवढ्यात त्यानं सासऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते भलतीकडेच बघत होते.

त्यानं आपली पानं पालथी घातली. "न्या बाबा. तीन राजांपुढं आमचं काय चालणार!"

ढीग ओढता ओढता शिंपीबुवा न्हाव्याच्या कानाशी लागले, "जावई सज्जन आहे हो. पण पोकर काही त्याला जमायचा नाही."

पानं वाचायचं काम हल्ली जावयाकडे आहे. इतकं खणखणीत वाचतो, की शेजारचे खिडकी लावून घेतात. तुम्हीही या, एक खुर्ची रिकामी आहे. नजर फार तीक्ष्ण असेल, तर मात्र जरा त्रास होईल.