लाल दोरा

बायनाबाईच्या अंगाला आता कोंबडीच्या पंजांचा वास कायमचा लागला होता. साबण झाला, शिकेकाई झाली, लिंबू चोळून झालं. वास काही जाता जात नव्हता. रविवारी विहारात वंदनेला बसली की शेजारची बाई हळूच सतरंजीवर बाजूला सरकायची. बायनाबाईला ते दिसायचं, पण तिचा राग यायचा नाही. आपल्यालाच आपल्याशेजारी बसवत नाही, तर त्या बाईचा काय दोष!

हा सगळा पसारा तिच्या एकुलत्या एका पोराचा, अश्विनचा. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडी सांभाळून बायनाबाई निवृत्त झाली आणि गडचांदूरला त्याच्याकडे राहायला आली. वाटलं होतं, आता दोन घास निवांत खाऊ. येऊन पाहते तर घरामागच्या टिनाच्या शेडात सहा पिंजरे आणि पिंजऱ्यांत अमेरिकन बुली नावाची कुत्री. डोकं पाट्याएवढं, छाती पाण्याच्या ड्रमासारखी आणि पाय मात्र कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे आखूड. धड पळता येत नाही, धड बसता येत नाही. जागेपणी घोरतात! उन्हाळ्यात त्यांच्यासाठी कूलर चालू आणि म्हातारी आत पुठ्ठ्यानं वारा घेते.

रोज सकाळी अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गंज चुलीवर चढायचा. पंजे, माना, काळीज, कोंबडीवाल्याकडं जे जे कुणी नेत नाही ते ते सगळं. वर करड्या रंगाचा फेस यायचा. तो काढताना बायनाबाई पदर नाकावर धरायची आणि श्वास रोखून सराटा फिरवायची. उकळत्या पाण्यात पंजे बोटं पसरून वर यायचे, तेव्हा तिला ती पोरांची बोटं वाटायची आणि ती सराट्यानं ते पंजे परत खाली दाबायची. वरून वीस अंडी. अंगणवाडीत लेकरामागं एका अंड्यासाठी ती ठेकेदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांशी भांडली होती. इथं बादशा नावाचा तो नर चार अंडी एका घासात गिळायचा, अर्धी बाहेर सांडायचा आणि सांडलेल्यात लोळायचा.

पण वासापेक्षाही तिला किळस यायची ती माणसांची. अश्विनचे मित्र मोबाइल घेऊन यायचे. बादशा इतका अवजड की त्याला मादीवर स्वतःहून चढता येत नसे. मग दोघं जण त्याला कमरेतून उचलून धरायचे, तिसरा रोजीचं तोंड दाबून धरायचा आणि चौथा खिदळत चित्रण करायचा. रोजी म्हणजे ती राखाडी मादी. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी बायनाबाई मोरीत जाऊन ओकली. दोन महिन्यांच्या पिल्लांचे कान कात्रीनं कापून, आत कापूस घालून, चिकटपट्टीनं उभे बांधून ठेवायचे. का, तर म्हणे लुक येतो! अश्विनसाठी मुली पाहायला सुरुवात झाली होती, पण पाहुणे घरात पाय टाकायचे, नाक मुरडायचे आणि चहा न घेताच निघून जायचे. बायनाबाईला वाटायचं, बरंच झालं. कुणाच्या लेकीला या गंजापुढं बसवायचं?

त्या आठवड्यात रोजी बाळंत झाली. बाळंत झाली कसली, तिसऱ्या वेळी तिचं पोट त्याच जागी फाडलं. या जातीच्या पिल्लांची डोकीच एवढी मोठी की ती वाटेनं बाहेर येत नाहीत. जिला स्वतःचं पिल्लू जन्माला घालता येणार नाही अशी मादी मुद्दाम घडवायची आणि वरून म्हणायचं, क्वालिटी! तीन पिल्लं निघाली. अश्विननं ती खोक्यात घालून आणली, टाके घातलेल्या रोजीला गोणपाटावर निजवलं आणि लगेच बादशाला गाडीत चढवलं. नागपूरला कुत्र्यांचा शो होता आणि त्याला तीन दिवस तिकडं राहायचं होतं.

"माय, रोजीले दूध नाई उतरलं अजून. पावडरचं दूध हाय, बाटलीनं पाजजो," तो गाडीत बसता बसता म्हणाला. "रंगानं तिघंही सारखेच दिसतेत, गोंधळ होते. वजन करून गळ्यात दोरे बांधून ठेव. लाल, पिवळा, हिरवा. तुले तं हे काम येते."

येत होतं ना. तीस वर्षं दुसरं केलं काय! स्वयंपाकघरातला वजनकाटा तिनं पुसून घेतला, खाली मऊ फडकं अंथरलं. पिल्लं डोळे मिटलेली, ओलसर, उंदरांसारखी. एक चारशे ग्रॅमच्या वर. दुसरं तीनशेच्या आसपास. आणि तिसरं एकशे ऐंशी, हातात धरलं तर वजनच लागेना, नुसतं गरम. तोंड उघडायचं आणि आवाज निघायचा नाही.

बायनाबाईनं विचारसुद्धा केला नाही. हातानंच केलं. जाड्याला हिरवा, मधल्याला पिवळा आणि त्या चिमुकल्याला लाल. अंगणवाडीत लेकरांचा दंड मोजायची पट्टी असते, तिच्यावर हेच तीन रंग. हिरव्यात आलं ते लेकरू बरं. पिवळ्यात आलं तर लक्ष ठेवा. लालमध्ये आलं तर बाकीची कामं सोडा, आधी त्याला उचला.

संध्याकाळी अश्विनचा फोन आला.

"दोरे बांधले?"

"बांधले."

"लालले पयले पाजजो. दर दोन तासानं. बाकीच्याईले मंग. लाल जगला पायजे, माय!"

बायनाबाई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. तिला खरंच भरून आलं. ज्या पोराला आपण मनातल्या मनात कसाई म्हणत होतो, त्याला आपलं काहीतरी लागलं आहे म्हणायचं! लहानपणी तो अंगणवाडीत तिच्या पदराला धरून फिरायचा, पट्टीशी खेळायचा. कुठंतरी उतरलं असेल आत.

"जगवतो बाप्पा," ती म्हणाली. "तू नको काळजी करू."

आणि तिनं जगवलं. बाटलीचं निपल त्या तोंडाला मोठं पडलं, तर कापसाची वात करून थेंब थेंब पाजलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवली. शेडात त्याच घाणीच्या वासात खोक्यापाशी बसताना तिला पहिल्यांदाच मळमळलं नाही. रोजी गोणपाटावरून तिच्याकडं बघायची, उठायचा प्रयत्न करायची आणि टाके ओढले गेले की कण्हत परत पडायची. "पड तू," बायनाबाई म्हणायची. "मी हाये न."

पाजता पाजता तिला अंगणवाडीच्या गावातल्या सुकरीची लेक आठवायची. करिश्मा. चौदा महिन्यांची. पट्टी तिच्या दंडाला लावली तर सरळ लालमध्ये गेली. बायनाबाईनं रजिस्टरमध्ये लाल लिहिलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला वरच्या बाई आल्या, पानं उलटली आणि म्हणाल्या, "हे खोडा बाई. पिवळं करा. बैठकीत उत्तर कोण देईल?" लाल असतं तर पोर दवाखान्यात भरती झाली असती. पिवळ्याला घरीच ठेवतात. बायनाबाईची नोकरी मानधनावरची, नवरा नुकताच गेलेला, अश्विन सहा वर्षांचा. तिनं ब्लेडनं खरवडलं आणि पिवळं लिहिलं. तेंदूपत्त्याचे दिवस होते. सुकरी पोरीला पाठीला बांधून जंगलात पानं तोडायला जायची. विसाव्या दिवशी ती एकटीच अंगणवाडीत आली आणि करिश्माच्या खाऊसाठी दिलेली, घासूनपुसून लख्ख केलेली वाटी तिनं बायनाबाईपुढं ठेवली. "बाई, हे तुमची वाटी," एवढंच म्हणाली. हे बायनाबाईनं कुणालाही सांगितलं नव्हतं. अश्विनलाही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गाडीचा हॉर्न वाजला. अश्विन करंडक उंच धरून उतरला. मागं एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मंचेरियालकडचा एक शेठ पिल्लू न्यायचं पक्कं करायला सोबतच आला होता. तो बाहेर फोनवर बोलत राहिला, तेवढ्यात अश्विन धावतच शेडात शिरला.

"दाखव माय, लाल दाखव!"

बायनाबाईनं मोठ्या अभिमानानं फडकं बाजूला केलं. "दोनशे चाळीस झाला. पाह्य, आता आवाज करते."

अश्विननं खोक्यात पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे काय करून ठेवलं? लाल याले बांधला?"

"मंग कोणाले बांधू?"

"अवं, लाल म्हणजे टॉप! सगळ्यात जाडा, एक नंबर! त्याच्यासाठी सांगत होतो मी तुले तीन दिवस. शेठनं लाल मागतला हाय!" त्यानं कपाळावर हात मारला. "अन् तू या मरतुकड्याले पाजत बसली?"

बायनाबाईच्या कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. लाल जगला पायजे. जगला पाहिजे तो आधीच धडधाकट असलेला, आधीच विकला गेलेला. तीन दिवस ती ज्या पोराचं मनात कौतुक करत होती, तो पोर तिनं स्वतःच मनात घडवलेला निघाला, फोनच्या दोन वाक्यांतून. तिला त्याची किळस आली. गंजाची येत होती त्याहून जास्त.

"बरं, जाऊ दे. पटकन कर," अश्विन आवाज खाली आणून म्हणाला. "दोरा सोड त्याचा. जाड्याले लाल बांध. अन् हे बारकं शेठले दिसू नको देऊ. बादशाची औलाद अशी निघते म्हणून गावभर होईन. तसंही जगत नाई ते." त्यानं कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडं पाहिलं. "मीच टाकतो. तू फक्त दोरा सोड."

खोडा बाई. पिवळं करा.

बायनाबाईची बोटं पिल्लाच्या गळ्यापाशी गेली. गाठ तिनंच मारली होती, एका ओढीत सुटली असती. गळ्याखाली इवलीशी धडधड लागत होती. तिनं गाठ सोडली नाही. पिल्लाला उचलून पदरात घेतलं.

"माय, शेठ येऊन राह्यला. सोड ना!"

"नाई."

"काऊन?"

शेठ दारात आला. वासानं त्यानंही रुमाल नाकाला लावला. "हाँ भाई अश्विन, वो लाल वाला कौनसा है?"

अश्विन हसू आणत पुढं झाला, पण बायनाबाई त्याच्याआधी उभी राहिली. तिनं पदर उघडला आणि तळहातावरचं पिल्लू शेठच्या पुढं धरलं.

"हा लाल. मीच वजन केलं, मीच बांधला."

शेठ एक पाऊल मागं सरकला. "ये? ये तो चूहा है!"

"मायची मिस्टेक झाली शेठ," अश्विन घाईघाईनं म्हणाला. "लाल तो हा जाडा, हे पाहा..."

"मिस्टेक नाई," बायनाबाई म्हणाली. "दोरा बदलून दे म्हणत होता तो मले. या मादीचं पोट तीनदा फाडलं हाय, हेबी पाहून घ्या. या जातीच्या माद्या पुढं अशाच फाडतील."

शेठनं रोजीच्या टाक्यांकडं पाहिलं, अश्विनच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हातारीच्या हाताकडं पाहिलं. त्याला रोजीची दया आली असेल असं बायनाबाईला मुळीच वाटलं नाही. त्याला फक्त फसवलं जाण्याची भीती वाटली. "सोचके बताता हूँ," म्हणत तो निघाला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, मग चाकांखालची खडी वाजली.

अश्विननं करंडक पिंजऱ्यावर फेकला. सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, घरघरत, धापा टाकत.

"सत्यानाश केला तू! तीन वर्षांची मेहनत! एवढ्याशा जिवापायी?" तो ओरडला. "कुत्र्याचंच पिल्लू न ते, माय! कुत्र्याचंच!"

बायनाबाई खाली बसली. गुडघे वाजले. तिनं पिल्लाच्या गळ्यातला दोरा एका बोटानं सरळ केला.

"हो, कुत्र्याचंच हाय," ती म्हणाली. "माणसाच्या लेकराच्या टायमाले मले नाई म्हणता नाई आलं. मी रंग बदलून देल्ला होता."

अश्विनला काही कळलं नाही. ती त्याला सगळं सांगणार होती, वाटीसकट. पण आत्ता नाही. दोन तास होऊन गेले होते. तिनं कापसाची वात दुधात बुडवली. लालची पाळी होती.