फळ्यावरची ओहोटी

समजा, तुम्ही समुद्राच्या धक्क्यावर उभे आहात. सकाळचे साडेआठ वाजलेत. समोर दारापेक्षा उंच काळा फळा आहे आणि एक आजोबा ओलं फडकं पिळून त्यावरचे आकडे पुसताहेत. शेजारी त्यांची नात बादली धरून उभी आहे. ती नुकतीच आली आहे, पण बादलीतलं पाणी आधीच दुधासारखं पांढरं झालंय. हे पाणी लक्षात ठेवा. नातीनं ते पाहिलं होतं, पण तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत.

"काल अकरा," आजोबा पुटपुटले. "आज पन्नास मिनिटं पुढे."

त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : पूर्ण ओहोटी ११:५०. परत १२:५०. म्हणजे चिखलात गेलेल्यांनी तोवर किनाऱ्याला लागायचं.

चंद्र रोज आपल्या जागेवरून थोडा पुढे सरकतो, म्हणून ओहोटीही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. तीस वर्षं आजोबा रोज सकाळी कालचा आकडा वाचत, तो पुसत आणि पन्नास मिनिटं मिळवून नवा लिहीत. मागच्या कचेरीत वरच्या मजल्यावर बंदराच्या साहेबांकडे छापील कोष्टक होतं. आजोबांना ते कधी लागलं नव्हतं. फक्त गेल्या महिन्यात एके दिवशी ते फळा लिहायलाच विसरले, तेव्हा साहेब म्हणाले होते, "काका, पुन्हा असं झालं तर फळा दुसऱ्याकडे द्यावा लागेल." त्या रात्री आजोबा जेवले नव्हते.

सव्वादहाला कालवं वेचणाऱ्या नऊ बायका टोपल्या घेऊन आल्या. त्यात ठिपकीची आई होती. सगळ्यांत पुढे मुकादमीण. मनगटावर घड्याळ फक्त तिच्याच.

"काका, आज एक वाजेपर्यंत सूट? चैन आहे बाई आमची."

"चैन कसली! आज पाणी लांब जाणार. चालून चालून पाय मोडतील."

"मग चंद्राला सांगा ना, जरा बेतानं ओढ म्हणावं."

"माझं ऐकतो तो. पण तुझं नाव काढलं की बिथरतो."

बायका हसत उतारावरून चिखलात उतरल्या. किनाऱ्यालगतचा ओहोळ तेव्हा घोट्याएवढा होता. तो ओलांडून त्या लांब लांब गेल्या, पार ठिपक्यांएवढ्या झाल्या. जाता जाता आई मागे वळून हळूच म्हणाली, "आजोबांकडे लक्ष ठेव हं." हे ती हल्ली रोजच म्हणायची.

कचेरीच्या खालच्या खोलीत आजोबांनी टेबलावर दिवा लावला. चेंडू ठेवला आणि खिशातून लिंबू काढलं.

"दिवा कोण?"

"सूर्य. चेंडू म्हणजे आपण, लिंबू चंद्र. आजोबा, मला येतं हे."

"येतं तर सांग, पाणी कोण ओढतं?"

"चंद्र."

"आणि सूर्य काय झोपा काढतो? तोही ओढतो. पण फार लांब आहे बिचारा, त्याचा जोर चंद्राच्या निम्माही पडत नाही." आजोबांनी लिंबू चेंडू आणि दिव्याच्या मधे धरलं. "आज अमावास्या. दोघं एका रेषेत, एकाच बाजूला. मिळून ओढतात. म्हणून पाणी खूप आत जातं आणि तितकंच वर चढतं. वेळ मात्र रोजच्याइतकाच, सहा तासांचा. मग एवढी मजल मारायची म्हणजे त्यानं काय करायचं?"

"धावायचं."

"शाबास. आणि अजून एक गंमत सांगतो, ही पुस्तकात शोधू नकोस. आपल्या धक्क्यावर अमावास्या असो की पौर्णिमा, ओहोटी अकराच्याच सुमाराला. तीस वर्षांत एकदाही चुकली नाही. सूर्य, चंद्र आणि आपण ओळीत आलो की घड्याळाचे काटेही तिथेच यायचे. दर वेळी अकरा."

ठिपकीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. फळ्यावर अकरा पन्नास होते.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. फळा खरा असेल तर पाणी अजून वीस मिनिटं मागे जायला हवं होतं. ओहोळाच्या काठाशी एक लाकडी खांब होता. मघाशी त्याच्या बुडाशी उघडा चिखल होता. आता खांबाभोवती पाणी फिरत होतं, आणि त्यावरचा फेस किनाऱ्याकडे येत होता.

बादलीतलं पांढरं पाणी तिला आठवलं. ती येण्याआधीच फळा एकदा पुसला गेला होता. आजोबांनी अकरा लिहिले होते, आणि मग स्वतःचाच ताजा आकडा त्यांनी कालचा म्हणून वाचला होता.

"आजोबा, आज अमावास्याच ना?"

"हो तर."

"फळ्यावर अकरा पन्नास आहे."

"मग बरोबर असेल. मीच लिहिलंय." त्यांनी लिंबू पुन्हा उचललं. "हं, दिवा कोण?"

बायकांना माघारी बोलावायला धक्क्यावर एक घंटा होती, पण तिच्या दोरीला आजोबांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा धक्क्यावरचा नियम होता. वेळेआधी घंटा वाजली तर साहेब खिडकीत येणार, फळा बघणार, हेही तिला ठाऊक होतं. तिनं आजोबांच्या हातातल्या लिंबाकडे पाहिलं.

ती पळत सुटली. दोरी उंच होती. एका पिंपावर चढून ती दोरीला अक्षरशः लोंबकळली.

घंटा वाजली. वाजतच राहिली.

लांबचे ठिपके थबकले, वळले. एकीनं टोपली खाली टाकली. ती आईच असावी. आईचं चालणं ठिपकीला कुठूनही ओळखू यायचं. पण चिखलातून पळता येत नाही. बायका ओहोळाशी पोचल्या तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. मुकादमिणीनं एकेकीचा हात धरून सगळ्यांना पार केलं. ती स्वतः आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती.

आईनं ठिपकीला जवळ ओढलं. सगळ्यांनी फळा वाचला.

वर खिडकी उघडली. "घंटा कुणी वाजवली? फळ्यावर तर बारा पन्नास आहे!"

मुकादमीण पदर पिळत ओरडली, "आम्हीच हात केला साहेब! टोपल्या लवकर भरल्या!"

तिच्या पायाशी टोपली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

आजोबा खोलीतून बाहेर आले होते. ते फळ्यासमोर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दहा वाजून दहा. अकरा. अकरा पन्नास. मग त्यांनी बादलीकडे पाहिलं, भिजलेल्या बायकांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मुकादमीण मला सांभाळून घेतेय, साहेब. आकडा चुकला. मी पन्नास मिनिटं दोनदा मिळवली."

"बाबा, राहू द्या ना," आई म्हणाली.

"राहू देण्यासारखं नाही गं हे."

साहेबांनी फळा पुन्हा एकदा वाचला. "उद्या बोलू, काका," एवढंच म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

आई थांबली; बाकीच्या बायका आपापल्या टोपल्या उचलून गेल्या. मुकादमीण जाताना वळली. तिनं ठिपकीच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि तीही गेली.

पाणी उताराच्या पायथ्याला लागलं. आजोबांनी फळा पुसला. मग खिशातून खडू काढला आणि ठिपकीपुढे धरला.

"तू लिही. मी तपासतो. नाही, तू लिही आणि तूच तपास."

ठिपकी पिंपावर चढली. तिनं अकरा लिहिले, त्याखाली बारा. आजोबा मान हलवून वळले, तरी ती उतरली नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तिनं एक छोटं वर्तुळ काढलं, आतून रिकामं, काळं. आजचा चंद्र.

"हे कशाला?" आईनं विचारलं.

"उद्या यात बारीकशी कोर काढायची. परवा थोडी जाड. म्हणजे आकडा कुठल्या दिवसाचा ते फळ्यावरच कळेल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "कुणी विसरलं तरी."

आजोबा पाठमोरे होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते समजलं नाही. ठिपकीनं पिंपावरून उडी मारली, बादली उचलली आणि त्यातलं पांढरं पाणी धक्क्याच्या कडेवरून भरतीत ओतून दिलं.