न भरणारी टाकी

संडासाच्या टाकीला हात जोडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी एकदम साठ-सत्तर पाहिलेत.

आमच्या पुल्लानिमलच्या उतारावर, दिवाकरनच्या परसात हा सोहळा चालायचा. दिवाकरन गल्फातून परत आलेला. घर दुमजली, पण त्याला घरापेक्षा टाकीचा अभिमान जास्त, कारण बांधल्यापासून ती एकदाही उपसावी लागलेली नाही. ओणम झाला की दरवर्षी वास्तुशास्त्री पुष्कराक्षन आचार्य यायचे, गडी लावून टाकीचा स्लॅब उचलायला लावायचे आणि कापूर ओवाळून म्हणायचे, "बघा. घरात सात माणसं खातात, सात माणसं जातात, आणि हिचं पोट रिकामंच."

लोक वाकून बघायचे. खरंच रिकामं. तळाला थोडा काळा चिखल, बस्स. यंदा वाकताना आमच्या कुरियन सरांची, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांची, वरची कवळी आत पडली. आचार्य म्हणाले, वास्तुपुरुषानं नैवेद्य घेतला. सर बोळक्या तोंडानं 'धन्य झालो' म्हणाले. ऐकू आलं 'हन्य जालो'. लोकांनी तेवढ्यावर टाळ्या वाजवल्या.

आचार्यांचं शास्त्र सोपं. नैर्ऋत्येचा कोपरा, आमच्याकडे त्याला कन्नी कोपरा म्हणतात, तो घरातला यमदूत. तिथं संडास असला तर पोरीचं लग्न मोडतं, चूल असली तर माणसं आजारी पडतात. टाकी खणायची ती आचार्य सांगतील तिथं. तिला तळ घालायचा नाही, कारण भूमातेशी नाळ तोडायची नसते. शिवाय उताराच्या अंगाला भिंतीतल्या चार विटा गाळायच्या. त्या भोकाला नाव शक्तिमुख. हिंदूंनी विटा गाळल्या, ख्रिश्चनांनी गाळल्या, सगळ्यात वर राहणाऱ्या हम्झानं तर चार जास्त गाळल्या. उतारावरच्या कुठल्याच टाकीला उपसायची गाडी लागेना. गावाला वाटलं, स्वर्ग दोन बोटं उरला.

दिवाकरनच्या बरोबर खाली, रस्त्याच्या वळणावर तंकमणीचं चहाचं दुकान, शेजारी तिची विहीर. सगळा गाव तिला चेची म्हणतो, ताई; जसा दिवाकरनला चेट्टा, दादा. नवरा गेल्यावर त्या एका खोलीवर तिनं पोरगी शिकवली. ती जलजा मस्कतला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. मी पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी त्याच बाकावर जातात.

ह्या परतीच्या पावसात तंकमणीच्या गिऱ्हाइकांना कावीळ झाली. आधी रिक्षावाला सोमन, मग शाळेतल्या दोन बाई, मग एकेक करत निम्मा बाक पिवळा झाला. आचार्य तळहातावर होकायंत्र धरून आले, चुलीभोवती फिरले आणि म्हणाले, "चूल कन्नी कोपऱ्यात. त्यात विधवेचा हात. विहीर नासणारच." निकाल लागला. शुक्रवारी विहीर शुद्ध करायची आणि लगेच तो कोपरा पाडायचा. आता दुकान केवढं, तर कोपरा पाडल्यावर उरलेल्या जागेत तंकमणी मावली असती, चहा मावला नसता.

बाक ओस पडला. बसायचो मी एकटा, तोही घरून पाण्याची बाटली घेऊन. दिवाकरन वरच्या गच्चीतून हाक मारायचा, "चेची, माझ्या टाकीकडून शिक जरा. स्वच्छता कशाला म्हणतात ते."

तेवढ्यात जलजा सुट्टीवर आली. आईला पहिलं विचारलं, पाणी उकळतेस का.

"चहाचं उकळते. नाहीतर काय उन्हात ठेवते?"

"आणि ग्लास विसळतेस ते? लिंबूपाण्याचं?"

तंकमणीनं विहिरीकडे पाहिलं.

"आई, विहीर कोपऱ्यानं नाही नासली. वरच्यानं नासवली."

"वरचा म्हणजे देव?"

"दिवाकरन."

पोरगी वर गेली आणि दिवाकरनच्या ओसरीवर जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, की टाकीला तळ नाही, सगळं आमच्या विहिरीत उतरतंय. ओसरी हसली. कुरियन सर म्हणाले, नर्सनं डोळे बघावेत, बाकीचं बघू नये. ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी दिवाकरनच्या नातवासाठी खुळखुळा घेऊन परत गेली, बाळाला खेळवलं, आणि निघताना त्यांच्या संडासात जाऊन आली. मला ती शरण गेल्यासारखी वाटली. मी मनातल्या मनात शिव्या दिल्या.

शुक्रवारी दुकानापुढे माणूस मावेना. कोपरा पाडायला चार जण पहारी घेऊन तयार. तंकमणी चुलीला पाठ लावून उभी. आचार्यांनी विहिरीत फुलं सोडली, मंत्र म्हटले, बादली वर आली, आणि पाणी हिरवं. साधं हिरवं नाही. उन्हात चमकणारं, पोपटासारखं.

आचार्यांनी बादली उन्हात तिरकी करून पाहिली. माणूस मुरलेला, हे कबूल करायला हवं. मग शांतपणे म्हणाले, "मरकततीर्थ. पाचू विरघळलाय विहिरीत."

माना खाली गेल्या. सोमनचे डोळे अजून हळदीसारखे, तरी पहिली ओंजळ त्याचीच पुढे. जलजानं बादलीवर ताट झाकलं.

"आधी आचार्य. शुद्ध झालंय ना?"

लोकांनाही ते पटलं. आधी आचार्यच. एवढ्या डोळ्यांपुढे नाही कसं म्हणणार? त्यांनी चार ओंजळी घेतल्या. दाढी हिरवी झाली.

"कसं लागलं?"

"अमृत. जरासा मातीचा गोडवा."

जलजानं पिशवीतून रिकामी बाटली काढली. "हा डोळे तपासायचा रंग. बुबुळावर ओरखडा असला की हिरवा चमकतो. परवा अख्खी बाटली मी दिवाकरन चेट्टांच्या संडासात ओतली. आचार्य, रंगानं काही होत नाही. बरोबर आणखी काय आलं असेल, त्याची हमी मी देत नाही."

दिवाकरन खवळला. म्हणाला, खोटं, हिनंच विहिरीत ओतलं. तेव्हा गर्दीतून त्याची बायको शोभना हळूच बोलली, "म्हणजे परवा भांड्यात हिरवं होतं ते हे? मला वाटलं ह्यांचंच. दोन दिवस नुसत्या पेजेवर ठेवलंय ह्यांना. एरंडेलही पाजलं."

पहारी आणलेल्याच होत्या. त्याच घेऊन लोक वर धावले आणि स्लॅब उचलला. शक्तिमुखाचे ओठ हिरवेगार. जलजानं तिथंच सांगितलं. टाकीला तळ लागतो, चारी भिंती बंद लागतात. जड ते खाली बसतं, जंतू त्यातलं थोडं खातात, उरलेला गाळ साचतो आणि काही वर्षांनी तो उपसावाच लागतो. वरचं पाणी विहिरीपासून लांब, जमिनीत हळूहळू मुरायला सोडायचं. इथं सगळा जांभा, म्हणजे चाळणी. "टाकी रिकामी नव्हती राहत. ती खाली वाढत होती. आमच्या ग्लासात."

आचार्य फणसामागे घशात बोटं घालत होते. काहींनी तोंड फिरवलं, बाकीच्यांनी नीट पाहून घेतलं.

दिवाकरननं कपाळ पुसलं. "निदान माझी विहीर टाकीच्या वर आहे."

"आणि विहिरीच्या वर कोण राहतं, चेट्टा?"

दिवाकरननं मान वर केली. वर कुरियन सर. त्यांचीही टाकी भरत नव्हती. सरांनी आपल्या वरच्या घराकडे पाहिलं. उतारभर माना एकामागून एक वर वळत गेल्या, शेवटी सगळे हम्झाकडे बघायला लागले, आणि तो बिचारा आकाशाकडे.

महिन्याभरानं आचार्य पिवळे पडले. कुणी तेजोवलय म्हणालं नाही. गाडी आली, गाळ उपसला, त्यात सरांची कवळी निघाली. सरांनी ती उकळून लावली. आता त्यांना 'धन्य' म्हणता येतं, पण म्हणत नाहीत.

तुम्हालाही सांगतो. टाकी भरते, तोच तिचा धर्म. भरत नसेल तर हात जोडू नका, खाली कोण पाणी पितं ते बघा. मग वर बघा. देवासाठी नाही, शेजाऱ्यासाठी. नाहीसं काहीच होत नाही, ते कुणाच्या तरी घरी जातं.

दुकान उभं आहे, चूल कन्नी कोपऱ्यातच. विहिरीत औषध टाकलं, आणि आता ग्लासही उकळत्या पाण्यानं विसळतात. दिवाकरन सगळ्यात शेवटी आला, टाकीला तळ घातल्यावर. तंकमणीनं लिंबूपाणी पुढे ठेवलं. त्यानं ग्लास उन्हात धरून रंग बघितला.

"पी," ती म्हणाली. "आता त्यात तू नाहीस."